दोनशे सत्तेचाळिसावा काप

"हाडाला घाई खपत नाही, वर्ना. तू त्याच्या मागे लागलीस की ते तोंड मिटून घेतं. मग कितीही डोकं आपट, एक अक्षर बोलायचं नाही. तेव्हा रोज सकाळी बरणी हलव, पाणी बदल आणि गप वाट बघ."

वर्नाला काम शिकवणारे मिस्टर टेस्के हे बोलले त्याला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यांना जाऊन अकरा. पण अमेरिकेतल्या डुलुथच्या त्या प्रयोगशाळेचं कुलूप वर्ना हालवर्सन सकाळी सातला उघडायची, तेव्हा हे शब्द दाराशीच उभे असल्यासारखे भेटायचे. कोट खुंटीला लावायचा, हात धुवायचे, आणि पहिली बरणी हलवून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. खिडकीतून सुपीरियर सरोवरावरचं धुकं दिसायचं. एखादं जहाज भोंगा वाजवायचं. वर्ना बरण्यांच्या फळीपुढे उभी राहून प्रत्येक बरणीमागे प्रार्थनेची एक ओळ मनात म्हणायची. बरण्यांवर नावं नसत, नुसते आकडे असत. देवाला आकडा सांगायचा हे तिला बरं वाटत नसे, म्हणून ती "ह्यांना शांती दे" एवढंच म्हणायची. कोण ते देवाला ठाऊक होतं.

त्या बरण्यांत कानशिलाची हाडं होती. माणूस जिवंत असताना त्याच्या आतल्या कानात डोकावता येत नाही. ऐकण्याचा तो इवलासा शंख आणि त्याला चिकटून असलेल्या, तोल सांभाळणाऱ्या तीन वेटोळ्या नळ्या देवाने अंगातल्या सगळ्यांत कठीण हाडात दडवून ठेवल्या आहेत. म्हणून ज्यांनी जन्मभर बहिरेपण सोसलं, कानातली शिट्टी सोसली, भुईच फिरते आहे असं वाटून भिंती धरल्या, त्यांतले काही जण एका कार्डावर सही करून ठेवत. मी गेल्यावर माझे कान घ्या आणि काय झालं होतं ते बघा. मग त्या हाडातला चुना औषधी पाण्यात हळूहळू विरघळवायचा. त्याला नऊ-दहा महिने लागत. पुढे ते मऊ हाड एका चिकट द्रावात मुरवायचं, तो खरवसासारखा घट्ट होईपर्यंत आणखी पाच महिने. मग केसाहून पातळ असे चारशे-पाचशे काप काढायचे. त्यांतला दर दहावा काप रंगवून काचेवर चढवायचा. मधले नऊ आपापल्या आकड्याच्या पातळ कागदांत घालून, एकावर एक रचून, मद्यार्कात ठेवून द्यायचे.

"नऊ कशाला ठेवायचे?" नवी असताना वर्नाने विचारलं होतं.

"दहावा बिघडतो म्हणून," मिस्टर टेस्के म्हणाले होते.

फळीवरची चौदा नंबरची बरणी मात्र कोणाची ते वर्नाला पक्कं माहीत होतं. ती लेम्पी सारेलाची होती.

लेम्पी शाळेत गाणं शिकवायची. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिचा उजवा कान भरल्यासारखा झाला, मग त्यात घोंगावायला लागलं आणि मग गरगर सुरू झाली. आली की दोन-दोन तास तिला न्हाणीघराच्या फरशीवर पडून राहावं लागे. उतारवयात ती दर वर्षी तपासणीला डुलुथला यायची, तेव्हा मुद्दाम जिना उतरून प्रयोगशाळेत डोकवायची. हातात वेलचीच्या पावाची गुंडाळी असायची आणि काखेत एक वही. वहीत प्रत्येक भोवळीची तारीख, वेळ आणि किती वेळ टिकली ते लिहिलेलं.

"काय गं वर्ना, माझ्यासाठी बरणी धुऊन ठेवलीस का?" ती दारातूनच विचारायची.

"तुमची घाई नाही हो, मिस लेम्पी. फळीवर जागाच नाही."

"मग कुणालातरी सरकव. मी फार रुंद नाही."

तिच्या गावचे जवळजवळ सगळे फिनलंडहून आलेल्यांचे वंशज. लोखंडाच्या खाणीवर राबणारी माणसं. तिथे दारूबंदी मंडळाचा मोठा लाकडी हॉल होता आणि हॉलमध्ये एक शपथवही. सोळाव्या वर्षी त्या वहीत सही करायची, आयुष्यात दारूला शिवणार नाही म्हणून. लेम्पीनेही केली होती. तिची थोरली बहीण आउने तर चाळीस वर्षं मंडळाची चिटणीस. अशा गावात लेम्पी एका रविवारी चर्चमधून बाहेर पडताना भिंतीला धरत, झोकांड्या खात तीन पायऱ्या उतरली आणि चौथीवर पडली. उलटीही झाली. सगळ्या गावाने बघितलं. कुणी काही बोललं नाही, आणि गावात त्याचा अर्थ काय तो सगळ्यांना समजत होता. पुढच्या वर्षात असं आणखी दोनदा झालं. तेव्हा चिटणीस आउने रिंतालाने शपथवही उघडली आणि आपल्या सख्ख्या बहिणीच्या नावावर लाल शाईने रेघ मारली.

"डॉक्टरांनी कागद दिला होता ना तुम्हाला? दाखवायचा तिला," वर्ना एकदा म्हणाली होती.

"दाखवला की. म्हणाली, डॉक्टर काय, तू सांगशील तेच लिहिणार." लेम्पी हसली होती. तिच्या हसण्यात कडूपणा नसे. "आमच्या आउनेला ऐकलेलं पटत नाही. बघितलेलं पटतं. म्हणूनच तर कान देते आहे. वर्ना, एक काम करशील? आत काय आहे ते दिसलं की तिला पत्र पाठवू नकोस. स्वतः जाऊन दाखव. जे असेल ते. काही नसलं तर काही नाही म्हणून सांग. आणि एक निरोप आहे, तो दाखवून झाल्यावर द्यायचा. आधी नाही." आणि तिने तो निरोप वर्नाच्या कानात सांगितला होता.

वर्नाने हो म्हटलं होतं. ती हो म्हणायला वेळ लावायची, पण म्हटलेलं हो तिने आजवर मागे घेतलं नव्हतं.

लेम्पी ऑक्टोबरात गेली, झोपेत, ब्याऐंशीव्या वर्षी. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा फोन वाजला.

"लेम्पी सारेलाचे कान तुमच्याकडे आहेत का?" आवाज म्हातारा होता, पण चिटणिसाचा.

"आपण कोण?"

"मी तिची बहीण. आउने रिंताला. वय एकोणनव्वद. पाय चालतात, डोळे अर्धे चालतात, डोकं पूर्ण चालतं. मला एकच विचारायचंय. तिच्या कानात काही होतं की ग्लासात?"

वर्नाने भिंतीला टेकून घेतलं. "मिसेस रिंताला, अजून काही सांगता येत नाही. दीड वर्ष तरी लागेल."

"दीड वर्ष! खाणीतलं लोखंड वितळायला इतकं लागत नाही."

"लोखंडाला भट्टी चालते. ह्याला नाही चालत."

"तू मंडळातली दिसतेस. आवाजावरून."

"मी लुथरन आहे. दारू घेत नाही, पण सही कुठे केलेली नाही."

"बरं. मग ऐक, पोरी. मी तिच्या कपाटांत बाटल्या शोधल्या. एक नाही, तीन वेळा. कधी सापडली नाही. मी म्हटलं, मोठी हुशार, लपवते. आता ती गेली आणि मला रात्रंदिवस वाटतंय की बाटली नव्हतीच, म्हणून सापडली नाही. खरं काय ते कळल्याशिवाय मी तिच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ? आणि मला जायला फार दिवस नाहीत. दोष कानाचा निघाला ना, तर देवाशपथ सांगते, मी माझ्या पायांनी हॉलवर जाईन आणि माझ्या हाताने तिचं नाव परत लिहीन. पण खरं हवं. माझ्या समाधानासाठी म्हणून काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार," वर्ना म्हणाली.

त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी नऊला फोन यायचा. "झालं का?" "नाही, मिसेस रिंताला." "मी आहे अजून." "देवाची कृपा." एवढंच. मग एखादवेळी आश्रमातल्या कॉफीची तक्रार. आउने आपल्याच गावातल्या एका वृद्धाश्रमात राहायची आणि तिथल्या कॉफीला ती 'बुटांचं पाणी' म्हणायची.

उन्हाळा आला. ऑगस्टात चुना सगळा गेला का ते बघायला चौदा नंबरच्या हाडाचा एक्स-रे काढला. डॉक्टर ब्रॅनिगन तो उजेडावर धरून बघत होते. तोल जाण्याच्या विकारांवर अभ्यास करायला दोन वर्षांसाठी आलेला हा तरणा, लालबुंद चेहऱ्याचा, मनाने सरळ माणूस. जिन्यावरून एका वेळी दोन-दोन पायऱ्या चढायचा.

"झालं की वर्ना! काळं ठिक्कर. घ्या पुढे."

वर्नाने चष्मा वर सरकवला. "इथे बघा डॉक्टर. शंखाच्या पायथ्याशी."

"कुठे?"

"तिळाएवढं पांढरं."

"तिळाएवढं! अहो, त्या बाईंची बहीण नव्वदीला आली. तुम्हीच सांगता ना, दर महिन्याला फोन येतो? त्या तिळासाठी अजून किती थांबणार?"

"सहा आठवडे."

"तुम्ही लुथरन लोक वाट बघायला जन्माला येता का हो?"

"आणि तुम्ही कॅथलिक जिना चढायला," वर्ना म्हणाली. डॉक्टर खो खो हसले, पण एक्स-रे खाली ठेवला नाही. वर्नालाही मोह झालाच. तीळच तर होता. सहा आठवडे म्हणजे आउनेचे दीड फोन. पण तिळाएवढा चुना राहिला तरी सुरी त्याला अडते आणि अडली की आजूबाजूचं सगळं ओरबाडून नेते. शंखातल्या दोन पोकळ्यांमधला पडदा तर साबणाच्या फुग्याहून नाजूक. तिने बरणीतलं पाणी बदललं, झाकण लावलं, आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला फोनवर म्हणाली, "मिसेस रिंताला, माझ्यामुळे अजून सहा आठवडे उशीर होणार आहे."

"तुझ्यामुळे?"

"हो. पुढे जाता आलं असतं. मी जाऊ दिलं नाही."

"हं," आउने म्हणाली. "माझ्यानंतर मला असंच माणूस चिटणीस म्हणून हवं होतं. कधी मिळालं नाही."

हाड मुरलं, द्राव घट्ट झाला, हिवाळा सरला. मार्चच्या शेवटी वर्नाने यंत्राला सुरी लावली. काप घ्यायच्या आधी ती डोळे मिटून तीन श्वास थांबायची. मग सुरी हलकेच ओढायची. तिच्या धारेवर एक पापुद्रा गोळा व्हायचा, तो कुंचल्याने उचलून आकड्याच्या कागदावर निजवायचा. दिवसाला पन्नास. त्याहून जास्त नाही.

एप्रिलची पहिली तारीख उजाडली. नऊ वाजले, सव्वानऊ, दहा. फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. फोन उचलून आश्रमात विचारावं असं वर्नाला रोज वाटायचं, आणि रोज ती हात धुऊन कामाला बसायची, कारण उत्तर काय येईल याची तिला भीती वाटत होती. प्रार्थनेत पूर्वी ती "ह्यांना शांती दे" म्हणायची, आता त्याला "आणि तिला थोडे दिवस दे" असं जोडलं. कापून झालं तसं तिने दर दहावा काप रंगवायला घेतला. दहा, वीस, तीस. निळा, मग गुलाबी, मग काचेवर पसरायचा, कुंचल्याने सुरकुती काढायची, टिपकागदाने हलकेच दाबायचं. कान मात्र सारखा भिंतीवरच्या फोनकडे होता.

मेच्या पहिल्या तारखेला, नऊला, तो वाजला.

"मी आहे अजून," आउने म्हणाली. आवाज चिमणीएवढा झाला होता. "फुफ्फुसाने दगा दिला. पाच आठवडे इस्पितळात. तिथली कॉफी तर बुटांचीही नाही, मोज्यांची. झालं का?"

वर्नाने जवळचं स्टूल ओढून त्यावर बसून घेतलं. "होत आलं," ती शेवटी म्हणाली.

दोन दिवसांनी डॉक्टर ब्रॅनिगन सूक्ष्मदर्शकावर बसले. वर्ना एकेक काच पुढे करत होती. डावा कान आधीच बघून झाला होता, तो निरोगी होता. आता उजवा. शंखाचा मध्यभाग जिथे येतो ते काप महत्त्वाचे, दोनशे वीसपासून पुढचे. डॉक्टरांनी एक काच ठेवली, काढली, परत ठेवली. मग मान वर केली.

"वर्ना, पडदा फाटलाय."

"कुठल्या कापात?"

"सगळ्यांत. दोनशे वीस, तीस, चाळीस, पन्नास. फुगलेला होता का सरळ, काही सांगता येत नाही. तिच्या हयातीत फाटला का नंतर, तेही नाही." त्यांनी डोळे चोळले. "मला लिहावं लागेल, निश्चित काही आढळलं नाही. खोटं तर लिहिता येत नाही."

वर्ना त्या काचांकडे बघत राहिली. तिने दोनशे चाळीस नंबरची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. फाटलेल्या कडा एकाच बाजूला वळल्या होत्या. वरच्या बाजूला, टिपकागद जिथून दाबतात तिथे. तिला एप्रिल आठवला. फोनकडे कान, आणि हात काचेवर. काप काचेवर नीट बसायच्या आत ती दाबून मोकळी होत होती.

"हाडाने केलेलं नाही हे, डॉक्टर," ती म्हणाली. "माझ्या हाताने केलंय. मी घाई केली."

"तुम्ही?"

"मी. कापताना नाही. चढवताना."

डॉक्टरांनी पेन उघडलं, बंद केलं. "चुकतं माणूस. तुम्हालाही एकदा चुकायचा हक्क आहे."

"त्यासाठीच तर मधले नऊ काप ठेवतात," वर्ना म्हणाली आणि उठून फळीकडे गेली.

तिने चौदा नंबरची दुसरी बरणी काढली. दोनशे चाळीस आणि पन्नास यांच्या मधले नऊ कागद, एकावर एक, पानांची गड्डी भिजवून ठेवल्यासारखे. प्रत्येकावर काळ्या शाईने तिच्याच अक्षरात आकडा. त्या दिवशी तिने एकही काढला नाही. घरी गेली, बटाट्याचं सूप केलं, बायबलमधलं रोजचं पान वाचलं, वेळेवर झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, हे तिने एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि एकेक काप पाण्यावर तरंगवायला घेतला. दिवसाला तीन. काप काचेवर आपणहून बसेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून थांबायची. कागदाने दाबायच्या आधी तिने मनात आख्खी प्रार्थना म्हटली, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. तितका वेळ पुरतो असं तिच्या लक्षात आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने नवांतल्या सातव्या कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि जिन्याच्या तळाशी जाऊन हाक मारली. ती सहसा हाक मारत नसे, त्यामुळे डॉक्टर या वेळी तीन-तीन पायऱ्या उतरत आले.

ते बघत राहिले. बराच वेळ.

निरोगी कानात तो पडदा उतरत्या छपरासारखा सरळ असतो. इथे तो वाऱ्याने भरलेल्या शिडासारखा फुगून, वरची सगळी पोकळी व्यापून पलीकडच्या भिंतीला टेकला होता. कुठेही फाटलेला नाही. आतल्या पाण्याने आत दाटी केली होती, वर्षानुवर्षं.

"दोनशे सत्तेचाळीस," डॉक्टर हळूच म्हणाले. "एवढा स्वच्छ नमुना मी पुस्तकातसुद्धा पाहिला नाही." मग वर्नाकडे वळून म्हणाले, "बिचारी. सदतीस वर्षं हे घेऊन ती मुलांना गाणं शिकवत होती?"

"वेलचीचा पावही करायची," वर्ना म्हणाली. तिने डोळे टिपले. "डॉक्टर, हे दारूने होतं का?"

"कशाने?"

"दारूने. मला नीट सांगा. मला ते कुणालातरी नीट सांगायचंय."

"नाही. दारूने असं होत नाही. कुठेही, कुणालाही विचारा."

त्यांनी त्याचा मोठा फोटो काढून दिला, वहीच्या दोन पानांएवढा, आणि पत्रावर सही केली. जूनच्या दुसऱ्या रविवारी चर्च आटोपून वर्ना उत्तरेची बस धरून खाणीच्या गावी गेली. रस्त्याच्या कडेने लायलॅकची जांभळी झुडपं फुलली होती. फोटो तिने पुठ्ठ्यात घालून मांडीवर आडवा धरला होता, पूजेचं ताट नेतात तसा.

आउने खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. आवाजावरून वाटली होती त्याहून बरीच लहानखुरी. पांढरे केस घट्ट बांधलेले, पायांत सपाता.

"तू वर्ना. मला वाटलं उंच असशील."

"मला वाटलं तुम्ही उंच असाल."

"फोनवर सगळेच उंच असतात. बस. कॉफी मागू नकोस, पश्चात्ताप होईल. काय आणलंस?"

वर्नाने फोटो तिच्या मांडीवर ठेवला. शेजारी निरोगी कानाचाही ठेवला, तुलना करता यावी म्हणून. आउनेने खिशातून भिंग काढलं. वर्नाने बोट ठेवून दाखवलं, हा शंख, हा पडदा, हा असा असायला हवा आणि लेम्पीचा असा होता. आउने भिंग एका फोटोवरून दुसऱ्यावर नेत होती, परत आणत होती. हिशेबातली चूक शोधावी तशी.

"हे दारूने होत नाही?"

"नाही. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं. कुठल्याच दारूने नाही."

"आणि हे असलं की माणूस झोकांड्या खातं?"

"हो. चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा. उलटीही होते."

आउनेने भिंग खाली ठेवलं. "हे तिचंच कशावरून? बरण्या बदलल्या नसतील कशावरून?"

"तिच्या बरणीला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. पण मी एक सांगते, मिसेस रिंताला. पहिल्यांदा चढवलेले काप मी बिघडवले. घाईने. सगळे फाटले. डॉक्टर 'काही आढळलं नाही' असंच लिहिणार होते. हे नंतरच्या कापांतलं आहे, ठेवलेल्यांतलं."

म्हातारीने मान वर केली. "हे तू मला का सांगितलंस? मला कळलं नसतं."

"खरं हवं म्हणाला होतात."

आउनेचा हात फोटोवरच होता. शिडासारख्या फुगलेल्या त्या रेषेवरून तिचं बोट पुन्हा पुन्हा फिरत होतं.

"काही म्हणाली का ती? माझ्याबद्दल?"

"एक निरोप आहे. दाखवून झाल्यावरच द्यायचा म्हणाली होती."

"दे."

"म्हणाली, आउनेला सांग, तिने पिठाच्या डब्यात हात घातला तेव्हा मी जागी होते. पिठाच्या डब्यात पीठच होतं. आणि पुढच्या वेळी शोधायला येशील तेव्हा निदान हात झटकून जा, सगळ्या स्वयंपाकघरात पांढरी बोटं उमटवलीस."

आउनेच्या तोंडून एक आवाज निघाला. वर्ना घाबरून उठलीच. पण ते हसू होतं. बरीच वर्षं न वापरलेलं, खरखरीत, आणि त्यातूनच तिच्या गालांवर पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. "तिसऱ्या वेळी," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळी पिठात घातला होता. आणि ही बया पडून बघत होती!"

मग ती उठली. खुर्चीचे हात धरून, दोन झटक्यांत.

"कपाटातला तपकिरी कोट दे. आणि काळे बूट. सपाता घालून हॉलमध्ये जात नाही कोणी."

"आत्ता?"

"आज रविवार. हॉल कॉफीसाठी चारपर्यंत उघडा असतो. तिथली कॉफी चांगली आहे. तुलाही मिळेल."

"मी गाडी बोलावू का? दीड महिन्यापूर्वी तर तुम्ही इस्पितळात होतात."

"मी काय म्हटलं होतं फोनवर?"

"पायांनी," वर्ना म्हणाली.

"मग."

वर्नाने खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. आउनेने टेबलाच्या खणातून पेन काढलं, टोपण उघडून हाताच्या तळव्यावर रेघ ओढून पाहिली. काळी उमटली. पेन पर्समध्ये गेलं, फोटो पुठ्ठ्यात घालून काखेत. व्हरांड्याच्या पायऱ्या तिने कठड्याला धरून एकेक उतरल्या, वर्नाचा हात तिने घेतला नाही, पण वर्ना अर्धं पाऊल मागे राहिली. फाटकापाशी ती श्वास घ्यायला थांबली. पर्स चाचपून पेन आहे ना ते पाहिलं. मग ती हॉलच्या रस्त्याला वळली.